जास्तीचं पोतं

‘‘आठवं बटण कशाला?’’ प्रफुल्ला आरवाडेनं विचारलं.

त्या वेळी मी तिला माझ्या नव्या एडिटरमधलं एकेचाळिसावं बटण दाखवत होतो, त्यामुळं प्रश्न जरा उशिरा आल्यासारखा वाटला.

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे भिंत, जमीन, पोतं, पेव, हमाल, खोडरबर आणि जतन. झाली सात. आठवं कशाला लागतं माणसाला?’’

‘‘हा सरकता पट्टा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘ह्याच्यावर पोतं ठेवलं की ते आपोआप पुढं जातं.’’

‘‘मग हमाल काय करतो?’’

‘‘बघत उभा राहतो.’’

‘‘तुम्ही केलाय ते कळतंय, कवठेकर,’’ ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन भडंगाची पुडी सोडायला लागली.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली. सांगलीच्या गणपती पेठेत अण्णा चौगुल्यांचं हळदीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या माडीवर आमची कंपनी. जन्म हळदीत काढलेल्या अण्णांना साठीच्या सुमाराला कुणीतरी सांगितलं, की इथून पुढचा जमाना कॉम्प्युटरचा. अण्णांनी आधी जमाना कुठल्या पेठेत मिळतो ते विचारलं असणार, आणि मग दोन कॉम्प्युटर घेतले. खालून दिवसभर हळदीची धूळ वर यायची. आमचे कीबोर्ड बारा महिने बोहल्यावर चढायच्या तयारीत असल्यासारखे पिवळे असत. कंपनीत नोकर दोन. प्रोग्रॅम लिहिणारा मी, आणि नकाशे करणारी प्रफुल्ला. मी एकटाच प्रोग्रॅमर असल्यामुळं मला मुख्य प्रोग्रॅमर म्हणायला हरकत नव्हती, पण ते अण्णांना सुचलं नाही.

आम्ही करत होतो तो खेळ म्हणजे ‘हमाल’. वरून पाहिलेली एक वखार. तिच्यात हळदीची पोती इकडंतिकडं पडलेली. हमालानं ती एकेक करून पेवांत न्यायची. आमच्याकडं हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, म्हणून पेव. पडद्यावर तो नुसता काळा चौकोन असे. नियम दोनच. पोतं ढकलता येतं, ओढता येत नाही. आणि एका वेळी एकच. कोपऱ्यात गेलेलं पोतं कायमचं कोपऱ्यात गेलं. अशा एकेका मांडणीला आम्ही नकाशा म्हणायचो. सगळी पेवं भरली की नकाशा सुटला.

प्रफुल्ला आधी इचलकरंजीत साड्यांच्या काठांचे नमुने काढायची, चौकटीच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवून. मोर, कोयरी, रुद्राक्ष, सगळं चौकोनांत. त्यामुळं आमच्याकडं आल्यावर तिला काही शिकवावं लागलं नाही. तिच्यासाठी मी चार दिवसांत एक साधा एडिटर, म्हणजे नकाशे करायचा प्रोग्रॅम, लिहून दिला. आत चौदा चौकोन आडवे, अकरा उभे, बाजूनं भिंत, खाली सात बटणं. चौदा आणि अकरा कशासाठी, तर आमच्या माडीला फरशा तेवढ्या होत्या. तिची कामाची रीतच तशी होती. नकाशा आधी ती वहीत पेन्सिलीनं काढायची, मग मिठाईचे रिकामे खोके घेऊन फरशीवर मांडायची, आणि मग तो कॉम्प्युटरमध्ये चढवायची. वहीत प्रत्येक नकाशाच्या खाली दोन सह्या. ‘करणार’ आणि ‘सोडवणार’. करणाऱ्यानं सोडवायचा नाही, सोडवणाऱ्यानं स्वतः सोडवल्याशिवाय सही करायची नाही, आणि सही झाल्याशिवाय नकाशा खेळात जायचा नाही. हा नियम तिनं घातला होता. कंपनीत माणसं दोनच असल्यामुळं सोडवणारा कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागत नसे.

म्हणजे दोन वर्षं, आठवड्यातून एकदा तरी, दुपारी चारच्या सुमाराला, टेबलं भिंतीला लावून मी त्या माडीवर पेढ्यांचे खोके पायानं ढकलत फिरायचो आणि ती खिडकीत बसून बघायची. एरवी आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. मी तिला ‘आरवाडे’ म्हणायचो, ती मला ‘कवठेकर’. पण मी फरशीवर उतरलो की मी हमाल, आणि हमालाला कुणी अहो म्हणत नाही.

‘‘ए हमाल, ओढतोयस!’’

‘‘पायात अडकला.’’

‘‘पायात अडकलेलाही ओढलेलाच धरतात. परत मांड.’’

‘‘सगळं पहिल्यापासून?’’

‘‘मग काय मधल्यापासून? बघून पाऊल टाकायचं असतं, बाबा.’’

माडीच्या मध्यभागी एक खांब होता. त्यावर मी आठवड्याला एकदा आपटायचो, आणि ती दर वेळी नव्यानं हसायची. पुढंपुढं तो खांब मला तसा दुरूनच दिसायचा. तरी मी आपटायचो.

ह्यावरून माझी अवस्था ध्यानात यावी. मी चौतीस वर्षांचा, ती एकतीस. तिला काहीतरी विचारायचं मी दोन वर्षं ठरवत होतो. पण नुसतं विचारायचं कसं? विचारणाऱ्यानं आधी काहीतरी करून दाखवलेलं असावं, अशी माझी समजूत. चार दिवसांत केलेल्या सात बटणांच्या जिवावर माणूस काय विचारणार? म्हणून मी चौदा महिने खपून दुसरा एडिटर लिहिला. दोनशे बाय दोनशे चौकोन. सात मजले. सरकते पट्टे, गुप्त दारं, ठरावीक वेळानं उघडझाप करणाऱ्या भिंती. ‘मागे घ्या’ नावाचं बटण, ज्यानं चुकलेली चाल पुसता येई. आणि सगळ्यांत मोठी करामत म्हणजे ‘तपासा’. ते बटण दाबलं की नकाशा सुटतो की नाही हे एडिटर स्वतःच सांगायचा. कुणी खेळून बघायची गरजच नाही. तेवढ्यानं आपण आपलीच नोकरी मोडीत काढतो आहोत, आणि मुख्य म्हणजे दुपारचे चार वाजणं बंद पाडतो आहोत, हे माझ्या लक्षात आलं नाही. हुशार माणसाचं असं होतं.

खेळाच्या सीडीवर साठ नकाशे जायचे होते आणि सोबत एक एडिटर, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःचे नकाशे करता येतील. साधा की मोठा, ते अण्णा बुधवारी ठरवणार होते. मी मनाशी पक्कं केलं, की मोठा मंजूर झाला की त्याच आठवड्यात विचारायचं. त्यातच सोमवारी बेंगळूरच्या एका कंपनीचं पत्र तिला आलं. तिनं ते मला वाचायला दिलं. कपड्यांचे नमुने कॉम्प्युटरवर करायचं काम, शनिवारपर्यंत होय-नाही कळवावं.

‘‘चांगली कंपनी आहे म्हणतात,’’ मी म्हणालो.

‘‘कोण म्हणतात?’’

‘‘लोक.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी काय, मला बेंगळूरचं फारसं माहीत नाही.’’

तिनं पत्र घडी करून परत पाकिटात घातलं. माझ्या एडिटरला एकेचाळीस बटणं होती. त्यातलं एकही त्या वेळी कामाला आलं नाही.

बुधवारी अण्णा जिना चढून वर आले, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, ‘‘आधी साधा दावा.’’

प्रफुल्लानं त्यांच्या हातात माउस दिला. अण्णांनी तो हळदीचा नमुना बघावा तसा आधी तळहातावर उलटा करून पाहिला. मग दहा मिनिटांत त्यांनी स्वतःची वखार काढली. भिंती घातल्या, पोती टाकली, हमाल उभा केला आणि खेळायला लागले.

‘‘अडाकलं की ओ.’’

‘‘कोपऱ्यात ढकललंत अण्णा तुम्ही,’’ प्रफुल्ला म्हणाली. ‘‘आता ते निघायचं नाही.’’

‘‘खऱ्या वखारीतबी असंच हुतंय!’’ अण्णा इतके खूश झाले की त्यांनी मुद्दाम दुसरंही पोतं कोपऱ्यात घातलं. ‘‘झ्याक. आता कवठेकरांचं दावा.’’

मी एडिटर उघडला. बटणांच्या चार ओळी पडद्यावर आल्या. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एक बटण दाबलं. काय झालं ते मलाही नीट कळलं नाही.

‘‘हमाल कुठं गेला?’’

‘‘तिसऱ्या मजल्यावर गेला, अण्णा. गुप्त दारातनं.’’

‘‘कुणाला इचारून?’’

‘‘तुम्हीच दार घातलंत.’’

‘‘मी? आन् तिथं त्यो काय करालाय?’’

‘‘पट्ट्यावर उभा आहे.’’

‘‘बोलवा त्येला खाली.’’

हमालाला खाली आणायला मला बावीस मिनिटं लागली. तोवर अण्णांनी खालून चहा मागवला, प्यायला, आणि प्रफुल्लाला इचलकरंजीचं पाणी कसं आहे ते विचारलं. माझे कान तापले होते. चौदा महिने गेले, असं मनाशी म्हणत मी निकालाची वाट बघत उभा राहिलो.

‘‘साधा येक नंबर हाय,’’ अण्णा उठत म्हणाले. ‘‘पण सीडीत मोठा घाला.’’

‘‘अहो, पण तुम्हाला तो जमला नाही,’’ प्रफुल्ला म्हणाली.

‘‘म्हणूनच की. गिऱ्हाइकाला समजंल असं दिलं की त्येला वाटतंय, ह्यात काय, हे मलाबी आलं असतं. न समजणारं दिलं की मान देतंय.’’ आणि जिन्यावरून मागं वळून म्हणाले, ‘‘आन् साठ नकाशे शनिवारी संध्याकाळपातुर मला पायजेत. सीडी छापायला पुण्याला जाणार.’’

अण्णा खाली गेले. प्रफुल्ला खिडकीशी उभी होती.

‘‘अभिनंदन, कवठेकर.’’

‘‘तुम्हाला आवडला का पण?’’

‘‘बटणं छान आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त ते ‘मागे घ्या’ मला पटत नाही. मागं घेता येतंय म्हटलं की माणूस काहीही ढकलत सुटतो.’’

हा क्षण चांगला होता. एडिटर मंजूर झाला होता, माडीवर आम्ही दोघंच होतो. पण ती नेमकी ‘मागे घ्या’बद्दल बोलली आणि मी तिला त्याच्यामागचं तंत्र समजावून सांगायला लागलो. पाऊण तास सांगत होतो. मध्ये एकदा तिनं जांभई दिली, तर मी ते अधिक सोपं करून सांगितलं.

गुरुवारी मी विचारलं नाही, कारण गुरुवारी ती साठावा नकाशा करत होती. दिवसभर वहीत डोकं. एकदा उठून तिनं भिंतीपासून खांबापर्यंतच्या फरशा मोजल्या, तेव्हा मी म्हणालो, ‘‘दोन वर्षांत बदलल्या नसतील हो.’’ ती हसली नाही.

शुक्रवारी पाचला तिनं माझ्या टेबलावर एक फ्लॉपी ठेवली. वर वही ठेवली.

‘‘साठावा.’’

‘‘वा! वेळेत झाला.’’

‘‘कवठेकर, एक ऐका. हा तुम्ही स्वतः खेळा. फरशीवर मांडा नाहीतर पडद्यावर खेळा, तुमची मर्जी. पण ते ‘तपासा’ नको.’’

‘‘छे हो. तपासा कशाला?’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द.’’

तिनं पर्स उचलली. खांबाला वळसा घालून ती जिन्याच्या दारापर्यंत गेली, तिथं थांबली, दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘‘शेवटपर्यंत खेळा,’’ म्हणाली आणि गेली.

मी खरंच खेळणार होतो. पण सीडीचं सगळं बांधकाम माझ्यावर होतं, उरलेले एकोणसाठ नकाशे मोठ्या एडिटरमध्ये चढवायचे होते. आणि मनातलं सांगायचं तर, तिचे नकाशे मला लवकर सुटत नसत. एकेकाला दोन दोन दिवस लागायचे. उद्या तिनं ‘सुटला का?’ म्हणून विचारलं आणि मी ‘नाही’ म्हणालो, तर त्याच तोंडानं पुढचा प्रश्न कसा विचारायचा? मला शनिवारी तिच्यासमोर जिंकलेला माणूस म्हणून उभं राहायचं होतं. सव्वापाचला मी बटण दाबलं.

एडिटरला एक सेकंदही लागला नाही. ‘पोती सात, पेवं सहा. नकाशा सुटणार नाही.’ त्याखाली दुसरी ओळ: ‘बाहेरच्या भिंतीत एक चौकोन उघडा आहे.’ पोती आणि पेवं सारखीच हवीत, हा नियम माझ्या तपासनिसाला मीच शिकवला होता. एकोणसाठ नकाशांत ती सारखीच होती. जास्तीचं पोतं कुठलं तेही त्यानं तांबडं करून दाखवलं. ते काढून टाकल्यावर लगेच म्हणाला, ‘सुटतो. एकशे चार चाली.’

मला तिची काळजी वाटली. दोन वर्षांत जिची एक चूक सापडली नाही, तिच्या एका नकाशात दोन चुका. बेंगळूरच्या विचारात चित्त थाऱ्यावर नसणार. तिला न दुखावता हे कसं सांगायचं, ह्याचा मी घरी जाईपर्यंत विचार केला. माझा जिव्हाळा हा असा होता.

शनिवारी ती लवकर आली होती. मी जिना चढून आत पाऊल टाकतो तोच तिनं विचारलं, ‘‘खेळलास?’’

मी फरशीवर नव्हतो. हातात डबा होता, पायात चपला होत्या. तरी ती ‘खेळलास’ म्हणाली, हे मला ऐकू आलं.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘शेवटपर्यंत?’’

‘‘तीनदा.’’

एकदा म्हटलं असतं तरी खोटंच होतं. मग हात आखडता कशाला घ्या.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. ‘‘मग?’’

‘‘सुंदर आहे. फक्त एक पोतं जास्त आहे.’’

‘‘कुठलं?’’

‘‘खाली उजवीकडं आहे बघा, त्या उघड्या चौकोनाजवळचं.’’

‘‘ते जास्त आहे?’’

‘‘त्याचं काही कामच नाही.’’

खाली दुकानात कुणीतरी तागडीवर माप टाकलं. तिनं टेबलाच्या कडेवरची हळद बोटानं पुसली, बोटाकडं बघितलं.

‘‘तीनदा खेळून असं वाटलं तुला?’’

‘‘पहिल्यांदाच वाटलं,’’ मी म्हणालो. ‘‘पण म्हटलं खात्री करून घ्यावी.’’

‘‘काढून टाकू?’’

‘‘टाका. लगेच सुटतो.’’ मग एवढं सौम्यपणे पार पडलं आहे तर दुसरंही सांगून टाकावं म्हणून मी म्हणालो, ‘‘आणि तिथं बाहेरच्या भिंतीत एक चौकोन उघडा राहिलाय. भिंत घाला.’’

‘‘ते राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘ते तसंच असतं.’’

तिनं कॉम्प्युटर चालू केला. साधा एडिटर उघडला, खोडरबरावर एकदा, पोत्यावर एकदा आणि जतनवर एकदा टिचकी मारली. वही माझ्या टेबलावरच होती. ‘करणार’च्या पुढं तिनं आदल्या दिवशीच सही केलेली होती. ‘सोडवणार’ची मी करणार, तेवढ्यात अण्णांनी खालून हाक मारली. मी ‘आलो’ म्हणून पेन ठेवलं. वर आलो तेव्हा ती फोनवर इंग्रजीत बोलत होती. सोमवारपासून येईन, असं काहीतरी.

‘‘अहो, मला तुम्हाला एक विचारायचं होतं,’’ तिनं फोन ठेवल्यावर मी म्हणालो.

‘‘आता काय?’’ ती अगदी साधेपणानं म्हणाली. ‘‘आता तर तुम्ही सांगितलंत की.’’

काय सांगितलं ते मला कळलं नाही. नकाशाबद्दल म्हणत असेल असं वाटलं. एका अर्थी बरोबरच होतं.

रविवारी ती बेंगळूरच्या गाडीत बसली. मी स्टँडवर गेलो होतो. तिनं मला भडंगाची पुडी दिली आणि खांबावर आपटू नका म्हणाली.

सीडी निघाली. माझ्या मोठ्या एडिटरबद्दल सबंध महाराष्ट्रातून एकच पत्र आलं, तासगावच्या एका गृहस्थाचं. तो बंद कसा करायचा, अशी विचारणा होती. दोन वर्षांनी अण्णांनी जमाना परत केला आणि माडीवर हळद चढवली. मी एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळायला लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. प्रफुल्लाचं दिवाळीचं एक पत्र आलं होतं. त्यात अण्णांना नमस्कार होता, हळदीच्या वासाची आठवण होती आणि मला शुभेच्छा होत्या. पुढं तिचं तिकडंच लग्न झाल्याचं अण्णांकडून कळलं. लग्न मीही करू शकलो असतो. स्थळं येत होती. दर वेळी काहीतरी राहिलंय, ते आधी संपवू, असं वाटायचं. काय राहिलंय ते आठवत नसे.

गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात चाला. माणूस घरातल्या घरात चालायला लागला की कपाटं उघडतो. तिसऱ्या दिवशी मला तिची वही सापडली. सीडी आता कुठल्या यंत्रात जात नाही, फ्लॉपी तर कुणाला दाखवली तर ती काय आहे ते सांगावं लागतं. वहीला काही झालं नव्हतं. एकोणसाठ पानांवर दोन दोन सह्या. साठाव्यावर एक. कॉम्प्युटरमधलं पोतं तिनं पुसलं होतं. वहीतलं तसंच होतं. पेन्सिलीची सात पोती, सहा पेवं.

काहीतरी करायचं म्हणून मी तो नकाशा हॉलच्या फरशीवर मांडला. भिंतींना काठीला खडू बांधून ओढलेल्या रेघा, पोती म्हणून काडेपेट्या, हमाल म्हणून आईची तपकिरीची डबी. वाकायची बंदी असल्यामुळं काठीनं खेळायचो. काठीनं ढकलता येतं, ओढता येत नाही. सगळं नियमात बसत होतं.

पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेघा पुसट झाल्या म्हणून परत ओढत होतो. बरोबर मध्यावर एकटा एक भिंतीचा चौकोन होता. त्याला काही कारण नव्हतं. मी तो ओढला आणि माझं कपाळ दुखल्यासारखं झालं. तो आमचा खांब होता.

मग बाकीचं आपोआप जागेवर बसलं. डाव्या बाजूची लांब भिंत म्हणजे कपाटं. वरच्या अंगाला खिडकी, तिच्याजवळ दोन दोन चौकोनांची दोन टेबलं. हमाल उभा होता तो माझ्या टेबलापाशी. आणि खाली उजवीकडं, बाहेरच्या भिंतीत राहिलेला उघडा चौकोन म्हणजे आमच्या जिन्याचं दार. एडिटरला दाराचं बटण नव्हतं. सात बटणांत तिनं भिंत न घालून दार केलं होतं. सातवं पोतं त्या दाराच्या आतल्या बाजूला होतं.

पाच पेवं भरायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. सहावं पेव तिच्या टेबलाशेजारी. त्याच्यासाठी उरलेलं पोतं सरळ खाली, त्या सातव्याच्या बरोबर वर. ते वर ढकलायचं तर हमालाला त्याच्याखाली उभं राहायला हवं, आणि त्याच्याखाली सातवं पोतं. खाली भिंत. वरून वाट नाही. हमालाला एकाच बाजूनं जाता येत होतं आणि ते पोतं एकाच बाजूला सरकत होतं.

मी काठी लावली. काडेपेटी दारात जाऊन बसली. दार बंद झालं.

त्यानंतर काही अवघड नव्हतं. मोकळ्या झालेल्या चौकोनात हमाल उभा राहिला आणि शेवटचं पोतं ढकलत सरळ वर गेला. पोतं पेवात पडलं तेव्हा तपकिरीची डबी जिथं थांबली, तिथं तिची खुर्ची असायची.

सातवं पोतं काढलं तरी नकाशा सुटतो. माझ्या तपासनिसाचं चुकलं नव्हतं. दार उघडं राहतं, एवढाच फरक. आणि मी तिला सांगितलं होतं, की मी हे तीनदा खेळलो.

मी वही घेतली आणि ‘सोडवणार’च्या पुढं सही केली. तारीख घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई फरशी पुसायला आल्या. त्या दोन दिवस माझा हा पसारा बाजूनं पुसत होत्या आणि काही विचारत नव्हत्या; शस्त्रक्रियेनंतर माणसाचं असं होतं, अशी त्यांची समजूत असावी. मांडताना नकाशातला तो उघडा चौकोन नेमका माझ्या हॉलच्या दाराशी आला होता. त्यामुळं एक काडेपेटी बरोबर उंबऱ्यात होती.

‘‘काका, बाकीच्यांचं ऱ्हाऊ द्या,’’ शेवंताबाई फडकं पिळत म्हणाल्या, ‘‘पर ही एक पार वाटंत आलीया. काढून टाकू?’’

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘तेवढी असू द्या.’’

त्यांनी लुगडं सावरलं आणि काडेपेटी ओलांडून बाहेर गेल्या.